हिलालनानांनी हलवलेली मान

सुरतच्या पांडेसऱ्यात हिलाल सोनवणे असं नाव विचारलंत तर कुणी ओळख देणार नाही. जीपवाले नाना म्हणा, पानटपरीवाला स्वतः उठून गॅरेजपर्यंत सोडायला येईल. अमळनेरकडचा हा माणूस विसाव्या वर्षी सुरतेत आला, कापड रंगवायच्या डाइंग मिलच्या मेंटेनन्समध्ये बारा वर्षं राबला आणि मग स्वतःचं गॅरेज टाकून बसला. दर्याच्या वाळूत आणि डांगच्या डोंगरात जीप घालायची हौस असलेले शेठलोक नानांकडे येतात. स्टेरिंगचे कंपनीचे बारीक दांडे काढून जाड दांडे, ते चाकांशी जोडणारे नवे बॉल जॉइंट, हादरे पचवणारा डॅम्पर, असं सगळं ते बसवून देतात. स्टेरिंगच्या कामात आपला हात कुणी धरू शकत नाही, असं नाना चारचौघांत स्वतःच सांगायचे. सात महिने झाले, सांगत नाहीत.

मिलमध्ये ॲसिडच्या वाफेनं लोखंड बघता बघता लाल व्हायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी जुनं काळं ऑइल डिझेलमध्ये कालवून यंत्रांच्या सगळ्या सांगाड्यावर मारायचं, ही तिथली रीत. नानांनी मिल सोडली, रीत सोडली नाही. जीपचं काम संपलं की पंप घेऊन ते खाली शिरायचे आणि चेसिसपासून दांड्यापर्यंत सगळं तेलानं न्हाऊ घालायचे. दर्यावर जाणारी गाडी, खारी हवा, गंज लागायला नको. गिऱ्हाइकानं सांगितलेलं नसायचं, ही नानांची हौस. स्पेअरपार्टवाल्या छगनभाईंनी एकदा बजावलंही होतं, की बॉल जॉइंटच्या रबरी टोपीला डिझेल लागू देऊ नका, फुगून फाटते. नाना "हो हो" म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी भूपेंद्रभाई नावाच्या शेठच्या जीपखाली पंप घेऊन शिरले. मिलच्या सांगाड्याला रबर कुठं होतं?

भूपेंद्रभाईंचा ड्रायव्हर वाल्मिक, नानांच्याच तालुक्यातला, कोसाडला राहणारा. दिवाळीच्या आधी सुवालीच्या दर्यावरून परत येताना एका वळणावर जीप सरळ गेली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. शेठचा खांदा मोडला, वाल्मिकच्या कपाळाला टाके पडले. "मी स्टेरिंग फिरावलं, गाडी फिरनी नही," असं वाल्मिक सगळ्यांना सांगत होता. ड्रायव्हर दुसरं काय सांगणार, असं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं.

मोडकी जीप गॅरेजला आली. नानांनी खाली वाकून पाहिलं. स्टेरिंगपासून चाकांकडे जाणारा दांडा जॉइंटमधून सुटून लोंबत होता. टोपी फुगून, पिचपिचीत होऊन फाटली होती आणि आतल्या ग्रीसमध्ये दर्याची वाळू चमकत होती. वाळूनं जॉइंट आतून झिजवला होता. तीस वर्षं हत्यारं धरलेल्या कारागिराला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

हात गळ्यात बांधलेले भूपेंद्रभाई शेजारीच उभे होते. "टक्कर लागी एटले जॉइंट नीकळी गयो, बराबर ने?"

टक्करीनंच जॉइंट निघाला, या म्हणण्याला नानांनी होकाराची मान हलवली. तोंडानं खोटं बोलले नाहीत, एवढाच काय तो पराक्रम. आठ दिवसांत वाल्मिकची नोकरी गेली आणि तो सचिन गावातल्या एका मिलमध्ये कापडाचे ताके उचलायला लागला.

त्यानंतर नानांनी काय काय नाही केलं! तेलाचा पंप भंगारात दिला. आधी केलेल्या चौदा जीपा काहीतरी निमित्त काढून परत बोलावल्या, एकेकीच्या टोप्या बदलल्या, जॉइंट तपासले, गंजाला म्हणून फक्त लोखंडावर रंग मारला आणि रबराजवळ ब्रश नेला नाही. फाटकी टोपी तंबाखूच्या डबीत घालून गल्ल्यात ठेवली. सगळं केलं, फक्त एक वाक्य बोलले नाहीत. त्या एका वाक्यानं गॅरेज बंद पडेल, या भीतीनं ते रोज थोडे थोडे लहान होत होते.

मग नानांची बायको सुंदरा कोसाडला हळदीला जाऊन आली. जेवताना म्हणाली, "वाल्मिकनी गाडी चालावनं सोडी दिन्हं. मनाच हात चुकना आसं सांगस. त्यानी बायको हर्षदा त्याना मांगे फटफटीवर बी बसत नही."

आपण गप्प राहिलो तर वाल्मिक शेठला दोष देईल, नशिबाला देईल, असं नाना धरून चालले होते. त्यानं तो स्वतःला दिला होता.

रविवारी दुपारी डबी खिशात घालून नाना स्कूटरवर कोसाडला गेले. वाल्मिकच्या खोलीत चटईवर बसले, टोपी त्याच्या हातात ठेवली आणि तेलापासून वाळूपर्यंत सगळं सांगून टाकलं.

वाल्मिकनं रबर दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. "म्हंजे मी फिरावलं व्हतं," तो म्हणाला. "नाना, मी बराबर फिरावलं व्हतं." आणि त्यानं चक्क नानांचे दोन्ही हात धरले. शिव्या दिल्या असत्या तर नानांना बरं वाटलं असतं.

त्याची बायको हर्षदा चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, "नाना, तुमले हाई कव्हय समजनं?"

काल समजलं, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"गाडी उनी त्याच दिवशी."

वाल्मिकनं धरलेले हात सोडले. हर्षदानं कप नानांसमोर ठेवला आणि ती आत गेली. चहावर साय धरली. शेवटी वाल्मिक उठला, त्यानं शर्ट चढवला आणि हात पुढं केला.

"चावी द्या. शेठकडे जाऊ."

"उद्या सकाळी मी एकटा..."

"आत्ते. मी चालावस, तुम्ही मांगे बसा."

सात महिन्यांत कुणी वाल्मिकच्या मागं बसलं नव्हतं. नाना बसले. अमरोलीच्या पुलापर्यंत स्कूटर पायी चालणाऱ्याच्या वेगानं चालली होती. पुलावर वाल्मिकनं मान न वळवता विचारलं, "शेठले काय सांगशात?"

"वाल्मिक सांगे ते खरं व्हतं. गाडी फिरनी नही."

"आनि?"

नानांनी खिशातली डबी घट्ट धरली. "आनि मले त्याच दिवशी समजनं."

पूल उतरल्यावर वळण आलं. वाल्मिकची पाठ ताठ झाली. त्यानं ते सावकाश घेतलं, आणि स्कूटर वळली.