जीजींच्या तीन बादल्या

"आज पेशाब कितनी बार गए?"

जयपूरला बदली होऊन आल्यावर शेजारातून मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. एप्रिलची संध्याकाळ, माझ्या खांद्याला ऑफिसची बॅग, हातात भाजीची पिशवी. समोर जिन्याच्या पहिल्या पायरीवर पासष्टीच्या एक बाई उभ्या. डोक्यावर पदर, चेहरा असा की पाहताक्षणी वाकून नमस्कार करावा. मला वाटलं, आपलं हिंदी कच्चं असेल. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी रंगही विचारला.

मी विमा कंपनीत अधिकारी. लोकांना याहून नाजूक प्रश्न विचारून त्यांची उत्तरं फॉर्मात भरून घेण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा मी पार गडबडलो. "दोन वेळा," कसाबसा म्हणालो.

"सुबह से? बस दो?" त्यांनी मला तिथेच पायरीवर बसवलं आणि माठातलं पाणी आणून दिलं. दोन तांबे रिचवल्यावरच वर जायची परवानगी मिळाली.

त्यांना अख्खी इमारत जीजी म्हणायची. इमारत तीन मजल्यांची. तळमजल्यावर जीजी एकट्या, आणि थेट गच्चीखाली आम्ही: मी, माझी बायको मीनल, आणि त्या वर्षीच्या दिवाळीनंतर अकोल्याहून कायमचे राहायला आलेले माझे वडील, आप्पा. जीजींनी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. जुन्या ट्रंक कॉलच्या काळात माणूस "हॅलो" म्हणाला की त्याचा ताप किती, हे आपल्याला कळायचं, असं त्या सांगत. मी हसून सोडून द्यायचो.

तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. सगळ्यांच्या घरात डोकावणारं, आणि तरी कोणी ज्याच्यावर धड रागावू शकत नाही असं. जीजींचा मोसम होळी झाली की सुरू व्हायचा. आप्पा आल्यावरच्या पहिल्या होळीला गारठा पुरता गेलाही नव्हता, तोच त्या आमच्याकडे वर आल्या. पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या, सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली आणि निकाल दिला: मे-जूनमध्ये हे घर तुमचं नाही. अकरा ते सहा फक्त मागची छोटी खोली तुमची. पडदे खिडकीच्या आतून नकोत, बाहेरून तट्ट्या बांधा. आणि कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा.

"खिडकी उघडी ठेवून कूलर?" मीनलने विचारलं.

"हवा को जाना भी तो है कहीं," जीजी म्हणाल्या. "बंद कमरे में कूलर चलाओगी तो पसीना सूखेगा नहीं."

घरमालकाच्या मागे लागून त्यांनी गच्चीला पांढरा चुनाही मारून घेतला. जाताना आमच्या दाराची एक किल्ली मागितली. दुपारी जिथे म्हातारं माणूस एकटं असतं, अशा प्रत्येक घराची किल्ली त्यांच्याकडे होती. मीनलने ती दिली, पण मनातून नाही.

आप्पांना हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आप्पा. उन्हाळा हा त्यांच्या मते अकोल्याचा खाजगी विषय होता.

"ते बाई मले ऊन शिकवते का? अकोल्याच्या माणसाले?" ते म्हणायचे, आणि बंडीच्या खिशात कांदा ठेवून गॅलरीत जाऊन बसायचे.

जीजींचा लघवीचा प्रश्न त्यांनाही झालाच. आप्पांनी अत्यंत शुद्ध, सरकारी हिंदीत उत्तर दिलं, "महोदया, यह विषय व्यक्तिगत है." जीजींशी ते नेहमी त्याच हिंदीत बोलायचे. त्यात आदर किती आणि अंतर किती, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

मला स्वतःला जीजींच्या बादल्यांचं कुतूहल होतं. रोज सकाळी सहाला त्या नळाखाली तीन बादल्या भरत आणि झाकून खोलीच्या कोपऱ्यात ठेवत. त्या बादल्यांना हात लावायची कोणाला मुभा नव्हती. संध्याकाळी ते पाणी झाडांना, दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्या तीन बादल्या. मी एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, दुपारी दोनला नळ सोडून बघा. रविवारी सोडून पाहिला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापलेलं होतं की हात मागे घ्यावा लागला. ते ठीक, पण दुपारी दोनला तीन बादल्या गार पाणी लागतं कशाला? "लगे तो लगे," एवढंच उत्तर मिळालं.

दर दुपारी साडेबाराला त्या जिन्याच्या तळाशी उभं राहून वर हाक मारत: "बाऊजी!" वरून आप्पांचं त्रासिक उत्तर यायचं, "जीवित हूँ!" की झालं. जीजी घरात. मीनल शाळेत शिकवायला, मी सी-स्कीम भागातल्या ऑफिसात, त्यामुळे हा संवाद आम्हाला फक्त सुट्टीच्या दिवशी ऐकायला मिळायचा. आम्ही दोघं खूप हसायचो.

आता जे सांगतो ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि ते माहीत असायला हवं होतं. आप्पांना रक्तदाबासाठी जी गोळी होती, तिने वारंवार लघवीला जावं लागायचं. गुडघे दुखत, संडास घराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी आपल्या मनाने सोपा उपाय काढला होता. सकाळी दहानंतर पाणीच प्यायचं नाही. आम्ही भरून ठेवलेली बाटली ते दुपारी तुळशीत ओतायचे. संध्याकाळी रिकामी बाटली पाहून मीनल खूश व्हायची.

जूनमधल्या एका दिवशी, मीनल सुट्टीतही शाळेच्या कामाला गेलेली असताना, वीज अकरालाच गेली. साडेबाराला जीजींनी हाक मारली. वरून उत्तर आलं, नेहमीसारखंच खणखणीत, पण मराठीत.

जीजींना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण हा माणूस आपल्याशी मराठीत बोलणार नाही, इतकं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या दोन जिने चढून आल्या, किल्लीने दार उघडलं. आप्पा खुर्चीत बसून हवेत बोट नाचवत कोणाला तरी हुकूम सोडत होते. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. जीजींनी आधी रुग्णवाहिकेला फोन केला, मग मला, आणि गॅलरीतून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाले भैयांना ओरडून बोलावलं. दोघांनी चादरीत घालून आप्पांना खाली जीजींच्या खोलीत आणलं. बंडी कात्रीने कापून काढली आणि तिन्ही बादल्या त्यांच्या अंगावर रिकाम्या केल्या. भैया घाईघाईने लिंबूपाण्याचा पेला तोंडाशी नेऊ लागले, तो जीजींनी ढकलून दिला. "होश में नहीं हैं, साँस की नली में चला जाएगा!" त्यापेक्षा ओली चादर घाला आणि पुठ्ठ्याने वारा घाला, म्हणाल्या. गाडी येईपर्यंत दोघं वारा घालत होते.

मी पोचलो तेव्हा आप्पांना गाडीत चढवत होते. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, अंग ज्याने कोणी भिजवलं त्याने वाचवलं. आप्पा पाच दिवसांनी घरी आले.

मी कलिंगड घेऊन जीजींकडे गेलो. हात जोडले. त्यांनी विचारलं, "एक बात बताओ. 'नाईक, फाइल टेबलावर ठिव, साहेब यायचेत.' इसका मतलब क्या हुआ?" शब्दन् शब्द, आप्पांच्या हेलासकट. मी सांगितलं, त्यांच्या ऑफिसात नाईक नावाचा शिपाई होता.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "मुझे लगा ही था, मुझसे नहीं कह रहे."

मग मी माझ्या मनातला प्रश्न विचारला. या बादल्या, या किल्ल्या, या हाका. यामागे काहीतरी घडलेलं असणार, अशी माझी खात्री होती. "जीजी, तुमच्या घरी कोणाला ऊन लागून..."

त्यांनी सुरी घेतली. "नहीं तो. सब अपनी उमर से गए." मग कलिंगड कापता कापता म्हणाल्या, "क्यों, किसी का मरना ज़रूरी है क्या, भाईसाहब? पता था, सो कर लिया."

मला लाज वाटली. अजून वाटते.

आप्पा त्या दुपारबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पाणी मात्र घड्याळ लावून पिऊ लागले. परक्या बाईने आपल्याला ओल्या चड्डीत पाहिलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. जिन्यात जीजी दिसल्या की ते वळून घरात जायचे. जीजींच्या ते ध्यानात आलं. त्यांनी आप्पांना हाक मारणं सोडलं आणि साडेबाराला मला ऑफिसात फोन करू लागल्या: "पूछ लो घर पे." मी आप्पांना विचारायचो आणि त्यांना कळवायचो.

फेब्रुवारीत जीजींनी घर सोडलं. उदयपूरला मुलाने मोठं घर घेतलं होतं, तो न्यायला आला. सगळी इमारत खाली जमली. आप्पा आले नाहीत. सामानाचा ट्रक निघाला, मागोमाग मुलाची गाडी निघाली, लोक पांगले.

मी फाटक लावत होतो, तर आप्पा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. जीजींचं दार उघडंच होतं. ते आत गेले, मी मागोमाग. खोली रिकामी. भिंतीवर खिळ्यांची भोकं, कपाट होतं तिथे फिक्कट चौकोन.

"मले कुठी निजवलं होतं?" त्यांनी विचारलं.

आठ महिन्यांत त्या दुपारबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी खोलीभर पाहिलं. सांगू शकणारी माणसं दोनच. इस्त्रीवाले भैया दिवाळीपासून त्यांच्या गावी, आणि दुसरी व्यक्ती गाडीत.

"माहीत नाही, आप्पा. मी उशिरा आलो होतो." मी फोन काढला. "विचारू का त्यांना?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. खिडकीचे गज धरून, गुडघे सांभाळत ते खाली बसले. बराच वेळ फरशीवरून हात फिरवत राहिले, मग थोडे सरकले, पुन्हा हात फिरवला.

"इथंच असंन," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसलो. गाडी एव्हाना उदयपूरच्या वाटेवर, बगरू गावाच्या पुढे गेली असेल. जीजींना जाऊन तासही झाला नव्हता, आणि आम्हा दोघांनाही त्यांची फार आठवण येत होती.