विहीर आबांच्या नावावर

जमिनीच्या वादांवर पोट भरणारा मी म्हाताऱ्यांच्या सामाजिक सुरक्षेवर का लिहायला लागलो, हे जळगावच्या विधी महाविद्यालयातल्या आमच्या विभागप्रमुखांनी कधी विचारलंच नाही. माझा शोधनिबंध त्यांनी न वाचताच परत केला. म्हणे, हा कायदा नाही, समाजकार्य आहे. तो राग अजून गेलेला नाही. विचारलं असतं, तर मी त्यांना शिंदखेडा तालुक्यातले आबा सांगितले असते.

ऐंशीच्या दशकात, शिकवायला लागण्याआधी, मी धुळ्याला वकिली करत होतो. आबांच्या दोन मुलांत वाटणीवरून जुंपली होती. मी धाकट्याचा वकील. घासाघीस माझ्या अंगातच; लहानपणी आईबरोबर बाजारात वांगी विकली ती उगाच नाही. एका दुपारी माझ्या कचेरीत आबांसह दोघांना समोर बसवलं आणि बांधापासून बैलजोडीपर्यंत सगळं वाटून टाकलं. जमीन आबांच्याच नावावर होती. मसुदा वाचून मी ऐटीत आबांपुढे पेन धरलं.

आबा म्हणाले, "बांध, बैल, बठ्ठं लिखं, साहेब. मी कोठे शे यामा?"

"आबा, आम्ही शेतस ना!" थोरला म्हणाला.

"मंग तेच लिखा."

"बापले जेवाडानं बी कागदवर लिखतस का? लोके हासतीन!"

"हासू दे. बैलनी वैरण लिखेल शे, मनी भाकर नही."

"आबा, तुमची बस चुकेल, सही करा!" मी ओरडलो. पण मसुदा पुन्हा पाहिला. वैरणीचं कलम माझ्याच हातचं होतं. आबा खरंच कुठे नव्हते.

मग मी त्यांच्या बाजूने बोलायला लागलो: दरसाल ज्वारी, दोन धोतरं, औषधपाणी. आबांनी हात झटकला. "दाना नको. हीर मना नाववर ऱ्हाऊ द्या, मरापर्यंत."

विहीर एक, शेतं दोन. पाणी हवं तर दोघांनाही आबांकडेच यावं लागणार. पोरांनी माना डोलावल्या. असला सौदा मला उभ्या आयुष्यात सुचला नव्हता. मी नवा कागद काढला.

कापूस वेचणीच्या दिवसांत मी मुद्दाम तिकडे गेलो. आबा विहिरीजवळ बाजेवर बसलेले, पुढ्यात दोन घरांतून आलेली दोन ताटं. धाकटा मोटार सुरू करू का, असं विचारत उभा होता.

"थांब जरासा," आबा म्हणाले. "पहिले वकीलसाहेबले जेवाड."