चाळणी सरांचं लोह

सर हजेरीपट विसरत, पण घरची चाळणी कधी विसरले नाहीत. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते मायक्रोबायोलॉजी शिकवत. जिवाणूच्या बाहेरच्या पटलातून अन्न आत कसं जातं हे सांगायचं झालं, की चाळणीत मूठभर रवा आणि मूठभर शेंगदाणे टाकून हलवत. रवा टेबलावर सांडे. "हा रवा म्हंजे साखर, अमिनो आम्लं. पटलाले प्रथिनांची भोकं असतात, त्याच्यातून हे आपोआप अंदर जाते. शेंगदाणे म्हंजे मोठे रेणू. ते भाईरच." मग ते शेंगदाणे पहिल्या बाकापासून वाटत. "खा. सायन्स वाया नाही जाऊ द्याचं."

मी इंग्रजी शाळेतून आलेली, चारचौघांत खायलाही लाजणारी. "हे पोरगी शेंगदाणेही इंग्रजीत खाते," सर म्हणाले आणि वर्ग हसला. मला जमिनीत जावंसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला वर्गात प्रश्न विचारले नाहीत, टेबलावरचा रवा पुसायला बोलावू लागले. पुसताना वर्गाकडे पाठ असते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

लोहाचंही सर चाळणीतूनच सांगत. "एवढुसा आयन. त्याले कोन अडवते?" मी लायब्ररीतल्या पुस्तकात वेगळं वाचलं होतं. बाहेर मोकळं लोह फारसं मिळतच नाही. ते पकडायला जिवाणू स्वतःचे रेणू बाहेर सोडतो, आणि लोह धरून परतलेला रेणू त्या भोकांत मावत नाही. त्याला वेगळं दार लागतं. पण सरांना हे सांगणारी मी कोण?

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला नागपूरहून परीक्षक आले. शेजारी सर, पाहुण्यांना चिवड्याची बशी सरकवत. परीक्षकांनी मला नेमकं तेच विचारलं, लोह बाहेरच्या पटलातून आत कसं येतं?

या मार्कांवर पुढचा प्रवेश अवलंबून होता. पण खरं उत्तर दिलं तर सर पाहुण्यांपुढे खोटे पडणार होते. सरांना वाटलं, मी लाजते आहे.

"बोल ना बेटा. येते तुले. चाळणीतून नाही का शिकवलं आपन?"

परीक्षकांनी पेन खाली ठेवला. "चाळणीतून?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फरशी पाहत होते.

"मी चुकून राहिलो," ते हळूच म्हणाले. "अन् तुले मालूम आहे."

मी मान डोलावली. सरांचे कान लाल झाले. "मंग सांग. मी बी आयकतो."

मी अडखळत, अर्धं इंग्रजीत सांगितलं. सर गुडघ्यांवर हात ठेवून विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. नंतर परीक्षकांना म्हणाले, "साहेब, ते चूप बसली याचे मार्क कापू नका. चूक माही आहे."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं. "मले लाज येऊ नाही म्हणून नापास व्हाले निघाली होती तू? काहून वं? एवढा लेचापेचा दिसतो का मी?"

त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी खालच्या वर्गाला लोह पुन्हा शिकवलं. चाळणीतला एक शेंगदाणा बोटांनी कडेवरून रव्याकडे ओढून घेतला. "याले वेगळं दार. अन् ते दार अंदरून जोर लावल्याबिगर उघडत नाही." एक मुलगा म्हणाला, "पन सर, पयले तर तुमी..." "पयले मी गाढव होतो. आता जरासा कमी आहो."

निवृत्तीनंतर सर मुलाकडे अकोल्याला गेले. मी तिथंच नोकरीला लागले आणि भेटायला गेले. आजारपणानं ते अर्धे झाले होते. टीव्ही चालू होता.

"आनखी काय चुकीचं शिकवलं होतं मी? खरं सांग."

आणखी एक गोष्ट होती. पण अशा अवस्थेत ती त्यांना कशाला सांगायची?

"काही नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत बायकोला हाक मारली. "अवं, चहा ठेव. हे पोरगी अजून खोटं बोलाले शिकली नाही."

माझे कान तापले. चहा आला, त्यावर साय धरली, तरी सर कपाला हात न लावता माझ्याकडे बघत होते. शेवटी मी मान खाली घालूनच सांगायला सुरुवात केली. सरांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.