गुणवंतांचे गुण

गल्लीत त्यांना गुणवंत म्हणत, आणि ही थट्टा आहे हे एकट्या त्यांनाच कळलं नव्हतं. गोदामातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हा गृहस्थ सकाळी चूळ भरायच्या आधी कॉम्प्युटर उघडायचा आणि प्रश्नोत्तरांच्या एका साइटवर जगाला शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकवायचा. उत्तर लोकांना आवडलं की गुण मिळत. विचारणाऱ्याने हिरवी खूण केली की एकदम पंधरा. असे नऊ हजार नऊशे पंच्याऐंशी जमले होते. दहा हजारांना सोनेरी बिल्ला, म्हणजे पडद्यावरचं हरभऱ्याएवढं चित्र! घरातल्या मशीनला मात्र त्यांनी आजवर तेलाचा थेंबही घातला नव्हता. त्याचे गुण कोण देणार?

ते मशीन बायकोचं. निम्मं घर त्यावर चालायचं. त्या दिवशी दवाखान्याचे पंचवीस एप्रन पाचच्या आत पोचवायचे होते. उशीर झाला तर पुढचं काम दुसरीकडे देऊ, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. एकोणीस झाले. जेवणाची भांडी आवरून ती पुन्हा बसली, तर मशीन टाके सोडायला लागलं.

"अहो, जरा बघता का? टाकाच पडत नाहीये."

"बघतो की. आधी साइटवर प्रश्न टाक."

"अहो, मशीन इथे समोर आहे!"

"समोर सांगून मला काय मिळणार? तू विचार, मी उत्तर देतो, तू खूण कर. पंधराच हवेत गं."

या माणसापुढे डोकं फोडण्यापेक्षा प्रश्न टाकणं सोपं, हे तिला संसाराने शिकवलं होतं. एका बोटाने तिने लिहिलं, "मशीन टाके सोडतंय. सकाळी ठीक होतं. पाचला माल द्यायचाय. काय करू?"

गुणवंत बाह्या सरसावून बसले. सात मथळे, टाक्याचा इतिहास, तेलाचे प्रकार. अर्धा तास गेला. ती दारात येऊन उभी राहिली.

"झालं का?"

"विद्येला घाई चालत नाही."

तेवढ्यात कुणा अनोळख्याचं उत्तर आलं. त्याच्या नावावर गुण तीन. उत्तर एवढंच: "सुई उलटी बसली असेल. चपटी बाजू फिरवून बघा."

गुणवंतांचं पित्त खवळलं. ना मथळा, ना आकृती, याला काय उत्तर म्हणायचं? त्यांनी तिथल्या तिथे नापसंतीची खूण ठोकली. दुसऱ्याला नापसंती दिली की आपलाही एक गुण कापला जातो, हा नियम ते इतरांना उठताबसता ऐकवत. रागात स्वतःच विसरले. नऊ हजार नऊशे चौऱ्याऐंशी.

बायकोने खांद्यावरून ती ओळ वाचली.

"सुईला कुणी हात लावला होता?"

"मी. तू भांडी घासत होतीस तेव्हा, फोटोसाठी जरा काढली होती. सुई बरोबर कशी बसवावी ते एकाला दाखवायचं होतं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तिने सुई फिरवली, दोरा ओवला, पायाने मशीन चालवलं. टाका सरळ पडला. मग ती मुद्दाम उठून आली आणि तीन गुणवाल्यापुढे हिरवी खूण केली.

"अगं, माझं उत्तर वाचलंस तरी का?"

"एप्रन झाले की वाचते."

पावणेपाचला पंचवीस एप्रनचं गाठोडं उचलून ती निघाली. "दार लावून घ्या," म्हणाली. ते उठले नाहीत. त्यांच्यासारख्या जुन्या गुणवाल्यांना साइटवरचे कच्चे प्रश्न बंद करायचा अधिकार असतो. त्यांनी बायकोचा प्रश्न उघडला, बंद केला आणि कारणाच्या चौकटीत शांतपणे लिहिलं: "विचारणाऱ्याने स्वतः काहीही कष्ट घेतलेले दिसत नाहीत."