एक बाही लांब

दहशतवादाविरुद्ध सगळ्या खात्यांनी एकदिलाने काम करावं म्हणून सरकारने समन्वय कक्ष उघडला, आणि तो कुठे, तर लिफ्टशेजारच्या जुन्या सामानाच्या खोलीत! आत दोन फोन, एक कुरकुरणारा पंखा आणि ताई. अख्खी इमारत तिला ताईच म्हणायची.

एकदिलाचं काय घेऊन बसलात? पोलिसांचे साहेब आणि कस्टमचे साहेब, दोघे एकाच हुद्द्याचे. आधी फोन करील तो खालचा ठरणार, म्हणून कुणीच कुणाला फोन करत नसे. कागद तेवढे पाठवायचे, तेही ताईमार्फत. ताईने सासरी दोन जावा सांभाळल्या होत्या, त्यामुळे या रुसव्याफुगव्यांची तिला गंमतच वाटायची.

एका दुपारी पोलिसांचा कागद आला. बंदराबाहेरच्या चहाच्या दुकानात एक इसम तीन दिवस ठाण मांडून गोदामावर नजर ठेवतोय, स्फोटकांच्या टोळीतला असावा. चार वाजता हत्यारबंद पथक त्याला उचलणार. वर्णन: सडपातळ, निळा स्वेटर, डावी बाही उजवीपेक्षा लांब.

ताईने ते वर्णन पुन्हा एकदा वाचलं. तो स्वेटर तिनेच विणला होता. आत होता तिचा धाकटा भाऊ, कस्टमचा साध्या वेशातला माणूस, त्याच गोदामावर पाळतीला बसवलेला. त्याच्याही कमरेला पिस्तूल. पथक अंगावर आल्यावर त्याने नुसता हात कमरेकडे नेला असता, तरी सगळं संपलं असतं.

पावणेचार वाजले होते. पाळतीवर भावाचा फोन बंदच असे. पोलिसांच्या कचेरीत फोन करून सांगितलं, तर कारकून म्हणाला, कस्टमकडून लेखी येऊ द्या.

मग ताईने दोन्ही फोन फिरवले. या साहेबांना सांगितलं, ते साहेब लाइनवर आहेत. त्या साहेबांना सांगितलं, हे आहेत. एका रिसीव्हरचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावून तिने ते धरून ठेवले. आधी फोन समोरच्याने केला म्हणून दोघेही खूश, आणि ख्यालीखुशाली काही संपेना. शेवटी ताई मध्येच बोलली.

"साहेब, निळा स्वेटर कस्टमचा माणूस आहे. माझा भाऊ आहे तो."

पोलिसांच्या साहेबांनी तिथूनच पथकाला हुकूम सोडला. चारला दोन मिनिटं असताना पथक मागे फिरलं.

संध्याकाळी भाऊ जेवायला आला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. पोलिसांची गाडी आली काय, गेली काय, यांना कामं नाहीत का, अशी त्याची कुरकुर चालली होती. मग हात पुढे करून म्हणाला, "ताई, आता तरी ही बाही उसवून नीट कर की."

"राहू दे," ताई म्हणाली, आणि त्याच बाहीने तिने डोळे पुसले.