खांबावरचा कागद

आमच्या डोंगरातल्या गावात माणूस गेलं की विजेच्या खांबावर मरणाच्या बातमीचा कागद लागतो. लाम्ब्रोस गेला तेव्हाही लागला. त्यावर 'सिझिगोस', म्हणजे जोडीदार, असं लिहून पुढे त्याच्या बायकोचं नाव होतं, असिमिना. ते नाव कितीतरी जणांनी पहिल्यांदाच वाचलं असेल, कारण गावाच्या लेखी ती जन्मभर लाम्ब्रेना, म्हणजे लाम्ब्रोसची. मला या प्रकाराची कायम चीड यायची.

कागद चिकटवून तिचा धाकटा दीर स्टेर्गिओस कौतुकानं म्हणाला, "बघा वहिनी, कसा भारदस्त शब्द घातलाय. नवऱ्यालाही हाच, बायकोलाही हाच. एका जुवाखाली जुंपलेले दोघं, असा मूळ अर्थ आहे."

असिमिनानं काळा रुमाल मागे सारला. मानेखालचा जुना घट्टा सगळ्यांना दिसला.

"खेचर मेलं तेव्हा तुझ्या भावानं मला नांगराला जुंपलं. तू बांधावर बसून पाव-चीज खात होतास."

"आता जुनं कशाला उकरताय, वहिनी?"

"जुवाचा विषय तूच काढलास ना? मग ऐक. त्या जुवाखाली तुझा भाऊ कधीच नव्हता. तो मागून शिव्या घालत होता. माझ्या शेजारी कानेला होती, आपली गाय. मी दमले की ती जास्त ओढायची."



तिनं कागद टराटरा फाडला.

"नवा लिही. सिझिगोस म्हणून माझं नाव राहू दे, पण मेलेल्याच्या जागी कानेलाचं घाल. ती मेली तेव्हा तुम्ही तिला शिजवून खाल्लंत. तिचा कागद लावायचा राहिलाय."