लहानू कूलरवाल्याचा कांदा

बल्लारपुरात होळी झाली की ज्याचा भाव एकदम वधारतो असा एकच माणूस, तो म्हणजे लहानू कूलरवाला. एरवी वर्षभर त्याला कुणी चहाला विचारत नाही. पण वर्षभर धूळ खात पडलेले कूलर लोकांनी अंगणात काढले, आत उंदराचं घरटं सापडलं, पंप घरघरून बंद पडला, की मग ‘लहानूभाऊ, आजच्या आज या जी’ असे फोन सुरू होतात. लहानू जुन्या लुनावर खसच्या ताट्यांचा भारा बांधतो, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळतो आणि उन्हात निघतो. अर्ध्या गावाला गार वारा मिळतो तो त्याच्या हातून. त्याच्या स्वतःच्या घरावर मात्र टिनाचे पत्रे आहेत, आणि सुट्या भागांतून जुळवलेला त्याचा कूलर लाईट असली तरच फिरतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

लहानूच्या शर्टाच्या खिशात मार्चपासून मृगापर्यंत एक कांदा असायचा. नऊ वर्षांचा असताना तो मायसोबत तेंदूपत्ता तोडायला गेला आणि दुपारी जंगलातच भोवळ येऊन पडला. अंग तव्यासारखं तापलेलं, शुद्ध नाही. दवाखाना कुठला? मायनं कांदे ठेचले, तळपायांना चोळले, रस पाजला, आणि पोरगं उठून बसेपर्यंत ती त्याच्या उशापासून हलली नाही. त्या बाईचा फोटोसुद्धा कुणी काढला नव्हता. ती गेल्यावर मायचं म्हणून लहानूकडे जे उरलं ते एवढंच, उन्हाला कांदा. म्हणून तो सगळ्यांना कांदा द्यायचा. पोस्टमनला द्यायचा, टँकरवाल्याला द्यायचा, ज्यांचा कूलर दुरुस्त केला त्यांनाही जाताना बजावून जायचा. लोक हसायचे, पण घ्यायचे.

कुत्रं त्याच्याकडे आलं तेही कामातूनच. सहा वर्षांपूर्वी कूलरमधून काढलेल्या जुन्या ओल्या ताट्यांचा ढीग घरामागे पडला होता, त्यात एक तपकिरी पिल्लू गारव्याला येऊन झोपलं होतं. रुखमाबाई, म्हणजे लहानूची बायको, म्हणाली, “कूलरच्या ताट्यांत सापडला, तं याचं नाव कूलर.” तेच पडलं. ‘लहानूच्या घरचा कूलर लाईट नसली तरी आवाज करते’ असं शेजारी म्हणायचे. एकुलती पोरगी पुनम लग्न होऊन नागभीडला गेली, तेव्हापासून घरात हे दोघं आणि कूलर. रुखमाबाई भाजी निवडायला बसली की तो तिच्या पायाला पाठ लावून पसरायचा. पोरीशी फोनवर बोलली नसेल इतकं ती त्याच्याशी बोलायची.

यंदाचा नवतपा, मे अखेरचे ते नऊ जाळते दिवस, मात्र जीव घ्यायलाच आला होता. सकाळी नऊलाच रस्ते ओस पडायचे. नळ एक दिवसाआड, लाईट तिच्या मर्जीनं. कूलरनं मोरीजवळ उकरून खड्डा केला आणि त्यात तो दिवसभर हाशहुश करत पडून राहू लागला. लहानूनं लिंबाच्या झाडाखाली जुन्या ताट्यांची झोपडी केली, प्यायच्या पाण्यातलं पाणी काढून ती भिजवली. तरी कुत्रं खाईना.

“ऊन लागलं याले,” लहानू म्हणाला. “कांदा देऊन पाह्य.”

रुखमाबाईनं ताकभातात कांदा ठेचून जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, त्याच्यापुढे ठेवला. कूलरनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग तिनं भाताचे लहान लहान गोळे केले, तळहातावर धरले आणि म्हणाली, “खाय रे राजा, औषध आहे.” कुत्र्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाल्लं. सकाळी एक कांदा, संध्याकाळी एक. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं, जरा गार झालं, आणि कूलर उठून दारापर्यंत फिरून आला. श्रेय कुणाला गेलं ते सांगायला नको. लहानू चार घरी सांगून आला की कांदा मुक्या जनावरालाही लागू पडतो.

आठवडा झाला तसा कूलर परत बसला. उठताना पाय लटपटायचे. एका सकाळी त्यानं भिंतीशी लघवी केली ती काळ्या चहाच्या रंगाची. दोघांनी ती पाहिली, आणि दोघांच्याही मनात एकच आलं. आपल्याकडे उन्हाळ्यात असं झालं की उन्हाळी लागली म्हणतात. अंगातली उष्णता उतरली म्हणायची, धन्याचं पाणी पाजायचं. त्यांनी ते पाजलं. आणि कांदे दोनाचे चार केले. गुण येत नाही म्हणजे औषध कमी पडतंय, हे शहाणपण आपण माणसांवर चालवतो, तिथे कुत्र्याची काय कथा.

चार दिवसांनी कूलर मान उचलेना. पंप ठेवायच्या खोक्यात गोणपाट ओलं करून लहानूनं त्याला त्यात घातलं, खोकं लुनाच्या पायाशी ठेवलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टर दीपिका मॅडम वयानं पुनमएवढ्या. त्यांनी कुत्र्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या.

“काका, याला खायला काय देता?”

“ताकभात. अन् ऊन लागलं म्हून कांदा देऊन राह्यलो ना मॅडम,” लहानू म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी ऐट होती, आपण हयगय केलेली नाही याची. “दिवसाचे चार. माझी बायको आपल्या हातानं चारते.”

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. “किती दिवस?”

“बारा-तेरा झाले.”

मग त्यांनी सावकाश सांगितलं. माणसाला कांदा चालतो, कुत्र्याला नाही. कच्चा नाही, शिजवलेला नाही, थोडा थोडा रोज तर नाहीच. कुत्र्याचं रक्त त्यानं आतल्या आत फुटतं. लघवीचा तो रंग उन्हाचा नव्हता.

“मी वाचलो आहो त्याच्यानं,” लहानू म्हणाला. “मायनं मले पाजलं होतं.”

“तुम्ही माणूस आहात ना काका.”

मॅडमनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. रक्त चढवावं लागेल, ते झालं तर नागपूरला. पण बाहेर सेहेचाळीस डिग्री, आणि हा जीव तेवढी वाट काढणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. “घरी न्या. सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं फिरवत राहा. तुम्हाला माहीत नव्हतं काका.” हे वाक्य त्यांनी मायेनं म्हटलं होतं. लहानूला ते घरापर्यंत टोचत राहिलं.

दारात रुखमाबाई गंज घेऊन उभीच होती. कांदा ठेचलेला होता.

“आता काई देऊ नोको,” लहानू म्हणाला.

“काय म्हणे डॉक्टरीण?”

“रक्त कमी झालं म्हणे.”

“ऊनच तं पिऊन टाकते रक्त,” ती म्हणाली, आणि गंज चुलीमागे झाकून ठेवला.

दुपारी लहानूनं ते केलं जे त्याला येत होतं. गिऱ्हाइकाचा एक मोठा कूलर दुरुस्तीला आला होता, त्याला नव्या ताट्या बसवल्या, टाकीत होतं नव्हतं ते पाणी ओतलं आणि कुत्र्यासमोर लावला. वीस मिनिटं खसचा गार वारा आला. कूलरचे कान हलले. मग लाईट गेली. लहानूनं पंख्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, बटण तीनदा खालीवर केलं. ज्या माणसाला फोन केला की लोकांच्या घरात गारवा येतो, त्यानं स्वतः कुणाला फोन करायचा? शेवटी एक ओली ताटी काढून तो हातानंच वारा घालत बसला. खांदे भरून आले तरी थांबला नाही. थांबलो तर आपल्याला काहीतरी बोलावं लागेल याची त्याला भीती वाटत होती.

पाचच्या सुमारास कूलर गेला. लाईट त्यानंतर आली.

रुखमाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. “शुक्रवारी मी राजुऱ्याले लग्नाले गेली,” ती म्हणाली. “दिवसभर त्याले कांदा भेटला नाई. तुमी कामावर, मी तिथी जेवून राह्यली. तोच दिवस भोवला. माझ्यानं गेला हा.”

लहानू सांगणारच होता. पण खरं सांगावं तर ही मोडणार, न सांगावं तर स्वतःला खोटा दोष देऊन मोडणार. दोन्हीकडून दोष तिच्याच पदरात पडतो, आणि कांदा द्यायला सांगणारा मी नामानिराळा, हे त्याला सहन होईना. तो एवढंच म्हणाला, “तुह्यानं नाई.” हे नवरे अशा वेळी म्हणतातच, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही. लिंबाखाली खड्डा करून त्यांनी कूलरला ताट्यांवरच ठेवलं.

सकाळी लहानूला जाग आली तेव्हा रुखमाबाई घरात नव्हती. चुलीमागचा गंजही नव्हता. त्यानं दारातून पाहिलं. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाच्या ओट्याखाली एक काळी कुत्री तीन पिल्लं घेऊन राहायची, गळक्या पाण्याच्या आधारानं. रुखमाबाई तिच्यापुढे उकिडवी बसली होती आणि भात कालवत होती.

लहानू अनवाणी धावला. पन्नाशी उलटल्यापासून तो असा धावला नव्हता. त्यानं तिच्या हातातला गंज ओढला, भात नालीत पडला.

“काऊन जी?” रुखमाबाई गोंधळून म्हणाली. “आपला तं गेला. इचा तरी जीव वाचन.”

“कांद्यानं गेला तो,” लहानू म्हणाला. “उन्हानं नाई. कुत्र्याले कांदा जहर असते. मॅडमनं सांगतलं काल.”

नळावर बायका येऊ लागल्या होत्या, कुणीतरी नंबराला घागर ठेवली.

“मी सांगतलं म्हून तू दिला,” तो घाईनं म्हणाला. “माझ्या मायचं ऐकून मी सांगतलं. तुह्यं काई नाई त्याच्यात.”

रुखमाबाईनं हाताला लागलेली शितं पुसली. काळी कुत्री जवळ आली आणि तिचा हात हुंगू लागली. तिनं तो झटकन मागे घेतला आणि पदराखाली झाकला.

“त्याले नोकोच होता जी,” ती म्हणाली. “रोज तोंड फिरवे. मग माझ्याकडे पाहे, अन् खाये.”